अमेरिकन फुटबॉल : निम-व्यावसायिक संघ व त्यांची अजिंक्यपदे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ज्या फुटबॉल संघांचे खेळाडू आपला चरितार्थ अन्य व्यवसायावर चालवून सामन्यापुरता अल्पस्वल्प मोबदला घेतात, त्यांना निम-व्यावसायिक संघ म्हणतात. येथे फुटबॉल म्हणजे भारतात रूढ असलेला खेळ अभिप्रेत नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडीत गोलरेषेपलीकडे नेण्याचा, प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांचा हा खेळ रग्बीपासून विकसित झाला. विद्यापीठांतील हौशी खेळ व आजची धनाढ्य नॅशनल फुटबॉल लीग ही संघटना यांच्यामधील दुवा म्हणजे हे निम-व्यावसायिक संघ होत. १८९२ ते १९३२ हा त्यांच्या इतिहासातील महत्त्वाचा कालखंड. या कालखंडात खेळाचे नियम, मोबदल्याची पद्धत, प्रेक्षकवर्ग हे सर्व हळूहळू स्थिरावत गेले. मात्र हंगामाचा अजिंक्य संघ कोणता व तो कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न अखेरपर्यंत वादग्रस्त राहिला. त्या काळी अजिंक्यपद हा सामन्याचा निकाल नसून एखाद्या नगराने केलेला दावा असे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या संघांचा इतिहास नीट उलगडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ मुख्यत्वे येल, हार्व्हर्ड, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांचा होता. शिक्षण संपल्यावरही खेळू इच्छिणाऱ्या पदवीधरांना नगरांतील क्रीडामंडळांनी आश्रय दिला. ही मंडळे नियमाने हौशी होती. तथापि पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात त्यांच्यातील चुरस एवढी वाढली, की नामांकित खेळाडूंना ओढून घेण्यासाठी आडमार्गाने पैसे देण्यात येऊ लागले. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग मंडळाविरुद्धच्या सामन्यासाठी ॲलेघेनी मंडळाने येलचा नामवंत खेळाडू विल्यम हेफेलफिंगर यास ५०० डॉलर दिले. सामन्यातील एकमेव टचडाउन त्यानेच केला व ॲलेघेनी संघ ४–० असा विजयी झाला (त्या काळी टचडाउनला चार गुण मिळत). या देवघेवीचा लेखी पुरावा, म्हणजे मंडळाच्या हिशेबाचा कागद, १९६०–७० या दशकात उजेडात आला. तोपर्यंत पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून जॉन ब्रॅलिअर याचे नाव घेतले जाई. पुढे दंतवैद्य झालेला हा तरुण ३ सप्टेंबर १८९५ रोजी लाट्रोब गावच्या संघाकडून १० डॉलर व खर्च घेऊन खेळला होता. पुढील चार दशके बहुतेक संघांचा जमाखर्च याच दोन टोकांत फिरत राहिला : एखाद्या नामवंतास शेकडो डॉलर, तर उरलेल्यांना दहा-वीस.

१९०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या दोन व पिट्सबर्गच्या एका संघाने मिळून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ याच नावाची एक संघटना काढली होती. आजच्या संघटनेशी तिचा काही संबंध नाही. तिन्ही संघांचे परस्परांविरुद्धचे जयपराजय समसमान झाल्याने अजिंक्यपदाचा निर्विवाद निकाल लागला नाही, आणि एका हंगामातच ती मोडली.

ओहायओतील संघ : १९०३ पासून या खेळाचे केंद्र शेजारच्या ओहायओ राज्यात सरकले. कँटन, मॅसिलन, ॲक्रन, शेल्बी, कोलंबस, डेटन अशा उद्योगप्रधान नगरांत कारखान्यांतील कामगार, दुकानदार व माजी विद्यार्थी यांचे संघ निर्माण झाले. शनिवार हा विद्यापीठांच्या सामन्यांचा आणि कारखान्यांच्या कामाचा दिवस असल्यामुळे हे संघ रविवारी खेळत. धर्मगुरूंना व प्रतिष्ठितांना ते रुचत नसे. विद्यापीठांचे शिक्षकही पैशासाठी खेळणे कमीपणाचे मानीत. त्यामुळे हा खेळ प्रारंभापासून श्रमिकांच्या वस्तीचा राहिला.

या संघांचे स्वरूप समजण्यास कोलंबस पॅनहँडल्स हा संघ उपयोगी पडतो. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कोलंबस येथील कार्यशाळेतील कामगारांचा हा संघ होता. बाष्पित्रे बनविणारे धिप्पाड नेसर बंधू हा त्याचा कणा. रेल्वेचे नोकर असल्याने खेळाडूंना गाडीचा प्रवास फुकट पडे. म्हणून हा संघ स्वतःच्या मैदानाच्या भानगडीत न पडता बहुधा परगावीच खेळे, शनिवारी काम आटोपून निघे आणि सोमवारी कामावर हजर होई. त्याचा व्यवस्थापक जोसेफ कार हा पुढे नॅशनल फुटबॉल लीगचा अध्यक्ष झाला. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे १९१९ मध्ये मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले, म्हणून तेथील संघास ‘पॅकर्स’ हे नाव पडले. मैदानास कुंपण नसल्याने तिकिटे लावणे शक्य नव्हते. प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा केले जात. हंगामाच्या शेवटी प्रत्येक खेळाडूच्या वाट्यास १६ डॉलर ७५ सेंट आले.

मॅसिलनचा संघ १९०३ मध्ये उभा राहिला. त्याला वाघासारख्या पट्ट्यांचे सदरे मिळाल्याने ‘टायगर्स’ हे नाव रूढ झाले. पहिल्याच हंगामात ॲक्रनच्या संघावर १२–० असा विजय मिळवून त्याने राज्याचे अजिंक्यपद आपले असल्याचे घोषित केले. अवघ्या सु. १३ किमी. अंतरावरील कँटनला हे सहन होणे शक्य नव्हते. १९०५ मध्ये कँटनने आपला संघ उभारला आणि या दोन नगरांतील वैर हा ओहायओच्या फुटबॉलचा मुख्य विषय बनला.

इतिहासकार या संघसमूहास ‘ओहायओ लीग’ म्हणतात; परंतु हे नाव सोयीचे आहे, खरे नव्हे. तिला घटना नव्हती, अध्यक्ष नव्हता, सामन्यांचे वेळापत्रकही नव्हते. प्रत्येक व्यवस्थापक पत्रे व तारा पाठवून आपले सामने स्वतः ठरवी आणि प्रवेशशुल्काच्या उत्पन्नाची वाटणी आधीच पक्की करून घेई. कमी गर्दी जमविणाऱ्या संघाशी सामना घेण्यात त्याला स्वारस्य नसे. बलिष्ठ संघाशी हरण्याचा धोका असेल, तर काही ना काही निमित्त काढून सामना टाळणेही सोपे असे. हंगामाच्या शेवटी संघाने दावा करावयाचा, गावच्या वृत्तपत्राने तो उचलून धरावयाचा व प्रतिस्पर्धी गावच्या वृत्तपत्राने तो खोडून काढावयाचा, अशी रीत होती. या गोंधळातून तीन संकेत मात्र हळूहळू रुजले. बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरू नयेत. दोन संघांत दोन सामने झाल्यास दुसऱ्याला अधिक वजन द्यावे. आणि ज्याने अजिंक्य संघास अखेरीस हरविले त्याचा दावा श्रेष्ठ समजावा. हे संकेत कोणी लिहून ठेवले नव्हते, पण संघटना स्थापन झाल्यावरही त्यांचा प्रभाव पुढील बारा वर्षे टिकला.

१९०६ च्या हंगामात कँटन व मॅसिलन या दोन्ही नगरांनी खेळाडूंवर मुक्त हस्ताने खर्च केला. दोन सामने ठरले. पहिला कँटनने १०–५ असा, तर आठ दिवसांनी झालेला दुसरा मॅसिलनने १३–६ असा जिंकला. त्यानंतर मॅसिलनच्या एका वृत्तपत्राने असा आरोप केला, की कँटनचा मार्गदर्शक ब्लाँडी वॉलेस याने सामन्यांचे निकाल आधीच ठरविण्याचा कट केला होता. वॉलेसने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला, आणि खरे काय घडले याचा उलगडा झाला नाही. दोन्ही संघांनी झेपेल त्यापेक्षा अधिक खर्च केला होता व पैजांवर मोठ्या रकमा लागल्या होत्या, एवढे निश्चित. लोकांचा विश्वास उडाला व कँटनमधील मोठा खेळ काही वर्षे मंदावला. या आरोपाची चौकशी करणारी कोणतीही अधिकृत संस्था नव्हती, हेच या प्रकरणातील मर्म होय.

याच सुमारास शेल्बी येथे एक वेगळी घटना घडली. चार्ल्स फॉलिस या कृष्णवर्णीय खेळाडूने १९०४ मध्ये शेल्बी संघाशी करार केला. करारबद्ध झालेला तो पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. शेल्बीत त्याच्याबरोबर खेळलेला ब्रँच रिकी याने पुढे १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली.

कँटनचे पुनरुज्जीवन जॅक क्यूसॅक या तरुण व्यवस्थापकाने केले. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही प्रकारांत अव्वल ठरलेला जिम थॉर्प यास त्याने १९१५ मध्ये दर सामन्यास २५० डॉलर देऊन आणले. हा दर ऐकून हितचिंतकांनी दिवाळे निघण्याचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात प्रेक्षक कितीतरी पटींनी वाढले. मॅसिलनकडून नूट रॉकनी हा नोत्र दाम विद्यापीठाचा माजी खेळाडू खेळत होता. पहिला सामना मॅसिलनने १६–० असा जिंकला. दुसरा २८ नोव्हेंबर १९१५ रोजी कँटनमध्ये झाला. गर्दी आसनांत न मावल्यामुळे गोलरेषेमागील जागेतही लोकांना उभे राहू देण्यात आले, आणि असा स्थानिक नियम ठरला, की गर्दीत शिरलेला खेळाडू बाहेर येताना चेंडू त्याच्या हाती असला पाहिजे. थॉर्पच्या दोन फील्ड गोलांमुळे कँटन ६–० असे आघाडीवर होते. सामना संपत आला असता मॅसिलनच्या ब्रिग्ज या खेळाडूने चेंडू झेलला व तो गोलरेषा ओलांडून गर्दीत दिसेनासा झाला. पाठोपाठ चेंडू गर्दीतून उडत बाहेर आला व कँटनच्या खेळाडूने तो पकडला. पितळी गुंड्यांचा गणवेश घातलेल्या पोलिसाने आपल्या हातातील चेंडू लाथेने उडविला, असे ब्रिग्ज निकराने सांगत होता. परंतु मैदानावर गणवेशातील पोलीस नव्हतेच. प्रेक्षक मैदानात घुसले व सामना थांबवावा लागला. निकाल द्या असा दोन्ही बाजूंनी तगादा लावल्यावर पंचांनी तो लिहून लिफाफ्यात बंद केला आणि आपण गाव सोडून गेल्यानंतर, मध्यरात्री साडेबारा वाजता तो एका हॉटेलात उघडावा, अशी अट घातली. निकाल कँटनच्या बाजूने होता. अनेक वर्षांनी ट्रामच्या एका वाहकाने क्यूसॅकजवळ कबुली दिली, की लाथ त्याने मारली होती. वाहकाच्या गणवेशास पितळी गुंड्या असत, व त्याने कँटनवर ३० डॉलरांची पैज लावली होती. दोघांचा एकेक विजय झाल्याने अजिंक्यपदावर कँटन व मॅसिलन या दोघांनीही दावा सांगितला. यंग्जटाउनचा संघही मागे राहिला नाही.

संघटनेची स्थापना : पहिल्या महायुद्धामुळे व इन्फ्ल्युएन्झाच्या साथीमुळे १९१८ चा हंगाम जवळजवळ वाया गेला. डेटनसारखे थोडेच संघ खेळत राहिले. १९१९ मध्ये प्रेक्षक परतले, पण खेळाडूंचे दरही भडकले. लेखी करार नसल्याने खेळाडू आठवड्याला संघ बदलीत. विद्यापीठाचे विद्यार्थी खोटी नावे घेऊन खेळत. व्यवस्थापकांनी कितीही नफा मिळविला, तरी तो खेळाडूंच्या चढाओढीत जिरे. यावर उपाय म्हणून ऑगस्ट व सप्टेंबर १९२० मध्ये कँटन येथे राल्फ हे याच्या मोटार-विक्रीच्या दालनात व्यवस्थापकांच्या बैठका झाल्या. १७ सप्टेंबरच्या बैठकीस खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून काही जण मोटारींच्या पायफळ्यांवर बसले होते असे सांगतात. ‘अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, प्रसिद्धीचा विचार करून थॉर्पला अध्यक्ष नेमले गेले आणि १९२२ मध्ये तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग असे झाले.

तथापि सामने ठरविण्याचा अधिकार व्यवस्थापकांकडेच राहिला आणि अजिंक्यपद मतदानाने देण्यात येऊ लागले. एकही सामना न हरलेल्या ॲक्रन संघास १९२० चे अजिंक्यपद ३० एप्रिल १९२१ रोजी, म्हणजे हंगाम संपून चार महिने लोटल्यावर, बैठकीत बहाल करण्यात आले. त्यासोबतचा चषक पुढे हरवला. १९२१ मध्ये बफलो संघाने शिकागो स्टॅलीज संघास ७–६ असे हरविले होते. त्यानंतर झालेला दुसरा सामना केवळ प्रदर्शनीय आहे, असे बफलोच्या व्यवस्थापकाने धरले. तो शिकागोने १०–७ असा जिंकला आणि दुसऱ्या सामन्यास अधिक वजन देण्याच्या जुन्या संकेतानुसार अजिंक्यपद शिकागोला मिळाले. स्टॅलीज हा मूळचा इलिनॉय राज्यातील डेकेटर येथील पिष्टनिर्मिती करणाऱ्या कारखान्याचा संघ होता. त्याचाच पुढे शिकागो बेअर्स झाला.

दाव्याची जुनी पद्धत व संघटनेची नवी सत्ता यांची खरी टक्कर १९२५ मध्ये झाली. पेनसिल्व्हेनियाच्या दगडी कोळशाच्या पट्ट्यातील पॉट्सव्हिल या लहानशा नगराचा मरून्स हा संघ १९२४ मध्ये खाणपट्ट्यातील गावांच्या स्थानिक लीगचा अजिंक्य संघ होता. पुढील वर्षी त्यास नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. फिलाडेल्फियात रविवारी खेळास कायद्याने बंदी असल्याने तेथील फ्रँकफर्ड संघ शनिवारी खेळे व पाहुणा संघ रविवारी पॉट्सव्हिलला जाई. ही सोय पॉट्सव्हिलच्या प्रवेशामागे होती. ६ डिसेंबर १९२५ रोजी मरून्सनी शिकागो कार्डिनल्सचा शिकागो येथे २१–७ असा पराभव केला. गावच्या दृष्टीने अजिंक्यपदाचा निकाल लागला होता. त्यानंतर १२ डिसेंबरला मरून्स नोत्र दामच्या माजी खेळाडूंशी फिलाडेल्फियात खेळले व ९–७ असे जिंकले. फ्रँकफर्डने तक्रार केली, की हे क्षेत्र संघटनेने आपल्याला राखून दिलेले आहे. अध्यक्ष जोसेफ कार याने आधी ताकीद दिल्याचे सांगून पॉट्सव्हिलला निलंबित केले. दरम्यान कार्डिनल्सनी घाईघाईने दोन दुबळ्या संघांशी सामने जुळवून आपले विजय वाढविले. त्यांपैकी मिलवॉकीच्या संघात शिकागोतील चार शाळकरी मुले खेळल्याचे पुढे निष्पन्न झाले. कार्डिनल्सचा तत्कालीन मालक ख्रिस ओब्रायन याने अजिंक्यपद स्वीकारण्याचे नाकारले. तरीही अभिलेखांत ते कार्डिनल्सच्याच नावावर आहे.

कारच्या निर्णयाचे समर्थन करता येते. प्रत्येक संघाचे क्षेत्र सुरक्षित नसेल, तर संघटनेला अर्थ राहत नाही, आणि एका रेल्वे कार्यशाळेचा संघ वर्षानुवर्षे पोसलेल्या माणसास अराजकाची किंमत चांगली ठाऊक होती. परंतु क्षेत्राचा भंग हा व्यवहारातील दोष होता. त्याचे प्रायश्चित्त मैदानावरील विजय रद्द करून घेणे कितपत न्याय्य, हा पॉट्सव्हिलकरांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्यांनी दगडी कोळशातून फुटबॉलच्या आकाराचे एक स्मृतिचिन्ह कोरवून घेतले व ते कँटन येथील फुटबॉल स्मृतिमंदिरात ठेवण्यात आले. १९६३ मध्ये संघटनेने १२ विरुद्ध २ मतांनी, तर २००३ मध्ये संघमालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी हे प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला.

१९२६ मध्ये संघटनेत २२ संघ होते. कारने दुबळे संघ वगळल्याने १९२७ मध्ये १२ च उरले. कँटन, ॲक्रन यांसारखी मूळ नगरे बाहेर पडली, आणि मॅसिलन तर संघटनेत कधी खेळलेच नाही. पॉट्सव्हिलचा संघ १९२९ मध्ये बॉस्टनला नेण्यात आला. जुन्या पद्धतीचा अखेरचा प्रसंग १९३२ मध्ये आला. बरोबरीचे सामने न धरण्याच्या संकेतामुळे सहा विजय व एक पराभव असलेले शिकागो बेअर्स व ओहायओतील पोर्ट्समथ स्पार्टन्स हे संघ समान ठरले आणि दहा सामने जिंकूनही तीन हरलेले ग्रीन बे मागे पडले. निर्णायक सामना १८ डिसेंबर रोजी कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो येथील बंदिस्त सभागृहात, सर्कशीसाठी टाकलेल्या मातीवर घेण्यात आला. मैदानाची लांबी जेमतेम ८० यार्ड (सु. ७३ मी.) होती. पोर्ट्समथचा सर्वोत्तम खेळाडू डच क्लार्क येऊ शकला नाही, कारण कोलोरॅडोतील एका महाविद्यालयात बास्केटबॉल शिकविण्याची त्याची नोकरी तोवर सुरू झाली होती. पोर्ट्समथ ०–९ असे हरले व नियमित हंगामातच हा सामना धरल्याने एकदम तिसऱ्या क्रमांकावर घसरले. प्रेक्षकांना निर्णायक सामन्याची गोडी लागलेली पाहून संघटनेने १९३३ पासून दोन विभागांतील अव्वल संघांत वार्षिक अंतिम सामना सुरू केला. पहिला बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २३–२१ असा जिंकला. १९३४ मध्ये पोर्ट्समथचा संघ विकला जाऊन डेट्रॉइटला गेला. लहान नगरांपैकी एकटे ग्रीन बे टिकले, ते मुख्यतः १९२३ पासून नागरिकांनी भाग घेऊन संघाची मालकी स्वतःकडे ठेवल्यामुळे.

उत्तरकाळ : यानंतर निम-व्यावसायिक संघ मोठ्या संघटनेच्या छायेत गेले. तरी त्यांचे एक कार्य विशेष नोंदण्याजोगे आहे. १९३४ ते १९४५ या काळात नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नसताना पाळलेला हा बहिष्कार होता. या खेळाडूंना पॅसिफिक किनाऱ्यावरील लीगमध्ये (१९४०–४८) स्थान मिळाले. केनी वॉशिंग्टन याच्या हॉलिवुड बेअर्स संघाने तेथील १९४१ चे अजिंक्यपद मिळविले. वॉशिंग्टनला राष्ट्रीय संघटनेचे दार १९४६ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या उमेदीची वर्षे सरली होती. वगळलेल्यांना दुसरी संधी देण्याचे कामही या संघांनी केले. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी नाकारलेला जॉनी युनायटस हा बांधकामावर मजुरी करून ब्लूमफील्ड रॅम्स संघाकडून दर सामन्यास सहा डॉलर घेऊन खेळला. १९५८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बॉल्टिमोर कोल्ट्सनी राष्ट्रीय अंतिम सामना जादा वेळात जिंकला.

१९६२ ते १९७३ पर्यंत चाललेली अटलांटिक कोस्ट लीग व १९६५ ते १९६९ पर्यंतची काँटिनेंटल लीग या दोन संघटनांनी नियमित वेळापत्रक व अंतिम सामना ही पद्धत पाळली. पेनसिल्व्हेनियातील पॉट्सटाउन या गावच्या फायरबर्ड्स संघाने अटलांटिक कोस्ट लीगचे अजिंक्यपद १९६९ व १९७० असे लागोपाठ दोनदा मिळविले आणि त्यानंतर लगेच तो बंद पडला. दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय संघांचे सामने घरबसल्या दिसू लागल्यावर प्रवेशशुल्कावर तग धरणे अशा संघांना जड गेले. आज निम-व्यावसायिक म्हणविणाऱ्या संघांतील बहुतेक खेळाडू मोबदला घेत नाहीत, उलट साहित्य व विमा यांसाठी स्वतःच वर्गणी भरतात. अशा संघांच्या अनेक स्वतंत्र संघटना असून त्यांच्यावर सर्वमान्य मध्यवर्ती संस्था नसल्यामुळे एकाच वर्षी एकाहून अधिक संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दावा करताना आढळतात.